आजाऱ्याच्या उशाशी अलीफज

देव आपल्या लेकरांना शासन करतो आणि त्या शासनातून त्यांची आत्मिक वाढ होते, ही शिकवण मी मानते. संडेस्कूलपासून ती ऐकत आले आणि तिचा खरेपणा स्वतःच्या आयुष्यात पाहिला. माझं भांडण तिच्याशी नाही. आपल्या मंडळ्यांत तिचा जो वापर सर्रास चालतो त्याच्याशी आहे. कोणाला कॅन्सर होतो, कोणाचं तरणंताठं मूल जातं, कोणाची नोकरी सुटते, आणि आठवड्याच्या आत पाळक, मंडळीचे वडील आणि भेटीला आलेल्या मावश्या-काकू तेच सांगून जातात: देव तुला काहीतरी शिकवतोय, तुझ्यात काहीतरी छाटायचं राहिलंय, निमूटपणे सोस. सोबत इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय उघडला जातो, योहानाच्या पंधराव्यातली द्राक्षवेल येते, आणि प्रार्थना करून मंडळी घरी जातात.

हे बोलणं शास्त्राला धरून आहे असं बहुतेकांना वाटतं. ते शास्त्राच्या विरुद्ध आहे, असं मला म्हणायचं आहे. देवाचं शासन ओळखण्याचा अधिकार ज्याच्यावर ते येतं त्याचा आहे. भेटीला आलेल्याचा नाही. आणि बायबलात शासनाचे जे स्पष्ट प्रसंग आहेत ते बहुतेक करून सुखात, सत्तेत, भरल्या घरात बसलेल्यांच्या वाट्याला आलेले आहेत. आपण ते उचलून खाटेवर पडलेल्यांच्या माथी मारले.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंना केमोथेरपी चालू होती. केस गेलेले, डोक्याला सुती ओढणी गुंडाळलेली, तोंडात फोड आल्यामुळे पाणीसुद्धा चमच्याने. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत चौघं आले. संत्र्यांची पिशवी स्टुलावर ठेवली, वचन वाचलं, आणि त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर गृहस्थांनी अगदी मायेने विचारलं, ताई, कुठे अवज्ञा झाली का, जरा आठवून पाहा. ते गेल्यावर बाई बराच वेळ गप्प होत्या. मग बोटांवर मोजू लागल्या. धाकट्या जावेशी वाटणीवरून अबोला धरला होता. कांदा काढणीच्या दिवसांत दोन रविवार उपासनेला गेल्या नव्हत्या. मुलाच्या लग्नात बँडवर जास्त खर्च झाला होता. मी शेजारी बसून ऐकत होते. ज्या तोंडाने घोटभर पाणी गिळवत नव्हतं त्या तोंडाने त्या स्वतःवर आरोपपत्र वाचत होत्या, आणि ते लिहून देऊन गेलेली माणसं तेव्हा बसस्टँडवर पोचली असतील. ती वाईट माणसं नव्हती. म्हणूनच हे लिहिणं भाग आहे; वाईट माणसांसाठी प्रतिवाद लिहावा लागत नाही.

आता शास्त्राकडे येऊ. देव ज्याला शासन करतो तो धन्य, सर्वसमर्थाचं शासन तुच्छ मानू नये, अशा अर्थाचं वचन ईयोबाच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात आहे. फार सुंदर वचन आहे, आणि ते ईयोबाचा मित्र अलीफज याच्या तोंडी आहे. ईयोबाची मुलं मेलेली, गुरंढोरं लुटली गेलेली, अंगभर फोड, राखेत बसून खापरीने अंग खाजवणं चाललेलं, आणि समोर बसून अलीफज त्याला हे ऐकवतो. अलीफजाची सुरुवात चांगली होती हे विसरू नये. तो आणि त्याचे दोघे सोबती सात दिवस आणि सात रात्री ईयोबाबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी फार मोठं केलं. ईयोबाने आकांत मांडल्यावर त्यांना राहवलं नाही, आणि तोंड उघडल्यापासून बिघडलं.

शेवटी निकाल काय लागतो ते पाहा. बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा राग अलीफजावर आणि त्याच्या दोघा सोबत्यांवर आहे. माझ्या सेवकासारखं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, असं देव त्याला बजावतो. सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडे जावं लागतं, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा कुठे त्यांची सुटका होते. शासनावर सगळ्यांत सुरेख बोललेल्या माणसालाच त्या पुस्तकात शासन झालं आहे. त्याचं वचन खोटं नव्हतं. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात जवळपास तेच वचन बाप लेकाला सांगतो, आणि इब्री लोकांस पत्राने ते तिथूनच घेतलं. तिथे ते योग्य जागी आहे. अलीफजाने ते अशा माणसाला लावलं ज्याच्या दुःखाचं कारण स्वतः अलीफजाला ठाऊकच नव्हतं. ते कारण पहिल्या दोन अध्यायांत वाचकाला सांगून ठेवलेलं आहे, आणि ते ईयोबाचं पाप नव्हे.

अभ्यासू माणूस इथे त्याच पुस्तकातल्या अलीहूचं नाव काढील. तोही दुःखाला देवाची शिकवणूक म्हणतो आणि देव त्याला दोष देत नाही. खरं आहे. पण देव त्याला शाबासकीही देत नाही. त्याच्या सहा अध्यायांना उत्तरच येत नाही. आणि पहिले दोन अध्याय वाचलेल्या कोणालाही दिसतं की ईयोबाच्या बाबतीत त्याचं निदानही चुकलेलंच होतं.

मग इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय. तो नेहमी पाचव्या वचनापासून वाचायला घेतात, आणि नुकसान तिथेच होतं. तो कोणाला लिहिला आहे हे कळायला दहाव्या अध्यायात मागे जावं लागतं. ही मंडळी विश्वासासाठी चारचौघांत अपमान सोसलेली होती. त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. तुरुंगातल्या भावांना त्यांनी अंतर दिलं नव्हतं. बाराव्याच्या तिसऱ्या वचनात लेखक त्यांना ख्रिस्ताकडे बघायला सांगतो, ज्याने पापी माणसांचा विरोध सहन केला. म्हणजे त्यांच्या त्रासाचं कारण उघड आहे: छळ करणारी माणसं. तुमचं काहीतरी चुकलं म्हणून हे आलं, असं तो त्यांना तिथे म्हणत नाही. छळामुळे त्यांना वाटू लागलं होतं की देवाने आपल्याला टाकलं. त्यावर तो म्हणतो, नाही, तुम्ही पुत्र आहात, आणि माणसांनी दिलेला हा त्रासही तुमचा बाप तुमच्या वाढीसाठी वापरून घेतोय. बेवारस वाटणाऱ्याला तो घरचा म्हणतो. आपण तेच वचन वाचतो आणि घरच्याला आरोपी करतो.

दहाव्या वचनाकडे तर कोणी लक्षच देत नाही. देहाचे बाप त्यांना बरं वाटलं तसं शासन करायचे, असं लेखक तिथे म्हणतो. माणसाच्या शिस्तीत चूक असू शकते, हे त्यानेच मान्य केलेलं आहे. मग जो पाळक स्वतःच्या तोंडून देवाचं शासन जाहीर करतो त्याने ते वचन आधी स्वतःला लावून पाहावं.

आणि बाराव्या-तेराव्या वचनांत तो काय सांगतो? गळालेले हात वर करा, लटपटणारे गुडघे सावरा, वाट सरळ करा, म्हणजे लंगड्याचा पाय आणखी उखळणार नाही, बरा होईल. शासनावरच्या या अध्यायात दुःखिताच्या शेजाऱ्याला नेमून दिलेलं काम हे आहे. हाताला आधार द्यायचा आहे. हात का गळाले याची चौकशी कुठेच सांगितलेली नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. सगळ्यांत जड आक्षेप करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा. प्रभुभोजन अयोग्य रीतीने घेतल्यामुळे तुमच्यात पुष्कळ जण दुबळे आणि रोगी आहेत आणि कित्येक मेले, असं पौल स्पष्ट लिहितो, आणि त्याला तो प्रभूचं शासन म्हणतो. मग आजार हे शासन असू शकतं की नाही? असू शकतं. मी ते नाकारत नाही. पण पौलाने तिथे काय केलं ते बघायला हवं. त्याने कोणत्याही आजाऱ्याकडे बोट दाखवलं नाही. जो आजारी आहे तोच दोषी, असं त्याने म्हटलेलं नाही. दोष त्याने नाव घेऊन सांगितला: काही जण आधीच येऊन जेवून, पिऊन घेतात, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहून लाजिरवाणे होतात. हा दोष घरंदाज, सवडीने येणाऱ्या, टोपल्या भरून आणणाऱ्या लोकांचा होता. उपायही त्याने तोच सांगितला, एकमेकांसाठी थांबा. आणि प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, स्वतःची. शेजाऱ्याची परीक्षा करायला त्या अध्यायात परवानगी नाही.

दुसरा आक्षेप दावीदाचा. बथशेबाचं मूल मेलं, आणि ते दावीदाच्या पापामुळे, असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलेलं आहे. ते निष्पाप बाळ का मेलं, या प्रश्नापुढे मी गप्प बसते. तिथे सोपं उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पण घटनाक्रम बघा. बाळ आजारी पडलं म्हणून कोणीतरी दावीदाच्या पापाचा तर्क लढवला, असं झालेलं नाही. संदेष्टा नाथान आधी आला. दावीद तेव्हा राजवाड्यात सुखरूप होता. बथशेबाचा नवरा उरीया मारला गेलेला, ती राणीवशात आणलेली, सगळं निस्तरलेलं. नाथानाने त्याला एका गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, जी त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत निजायची, आणि जी श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापला, त्या श्रीमंताला मरणदंड द्यावा म्हणाला, आणि नाथानाने त्याला सांगितलं की तो माणूस तूच. हे बोलताना नाथानाचा जीव धोक्यात होता. ज्या राजाने उरीयाला हिशेबाने मारवलं तो नाथानाला सोडील याची काय खात्री होती? शासनाचं वचन घेऊन जाणाऱ्याला अशी किंमत मोजण्याची तयारी लागते. वॉर्डात संत्री घेऊन गेलेल्याला कसला धोका असतो?

तिसरा आक्षेप जास्त आपुलकीचा आहे. कितीतरी विश्वासणारे साक्ष देतात की आजारपणातच मला देव भेटला, त्या अपघातानेच माझा अहंकार मोडला. त्यांची साक्ष खोटी म्हणायची का? मुळीच नाही. ती त्यांची आहे म्हणूनच ती खरी आहे. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता पीडित होणं माझ्या हिताचं झालं अशा अर्थाचं बोलतो. तो स्वतःविषयी बोलतो. पौलाने आपल्या देहातल्या काट्याविषयी लिहिलं, पण तीनदा तो काढून टाकण्याची विनंती करून झाल्यावर, आणि कृपेचं उत्तर त्याला स्वतःला मिळाल्यावर. करिंथहून कोणी त्याला पत्र पाठवलं नव्हतं की पौला, तुझ्या अहंकारामुळे हे झालं. पाठवलं असतं तर तीच गोष्ट उद्धटपणा ठरली असती.

आणि प्रभू येशूचं काय? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं, थुंकीने चिखल केला आणि त्याचे डोळे माखले. शिलोहातला बुरूज कोसळून 18 माणसं मेली, त्यांच्याविषयीही तो म्हणाला की यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा ती जास्त दोषी नव्हती. तिथे पश्चात्तापाची हाक आहे, पण ती ऐकणाऱ्या जिवंत लोकांना आहे. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब त्याने बंद केला. प्रेतयात्रेहून परत येताना आपल्यात नेमका तोच हिशेब उघडला जातो.

महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हणवणाऱ्या माणसाला तर या बाबतीत जास्त कळायला हवं होतं. पंडिता रमाबाईंनी 1887 साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात विधवेची स्थिती जगापुढे मांडली तेव्हा त्यांनी नेमकं हेच दाखवलं की वैधव्य हे त्या बाईच्या पूर्वजन्मीच्या घोर पापाची शिक्षा मानलं जातं. नवरा गेल्याचं दुःख, वर त्याचा दोष तिच्याच पदरात. या दुहेरी भाराखालून बायकांना बाहेर काढण्यासाठी त्यांनी 1889 मध्ये शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि बायका आणल्या. त्या मुलींना त्यांनी आधी अन्न दिलं, अंगावर कपडा दिला. आज त्याच केडगावपासून चार तासांच्या अंतरावरच्या मंडळीत तरुण विधवेला कोणी सांगत असेल की तुझ्या शिस्तीसाठी देवाने तुझा नवरा नेला, तर पूर्वजन्म हा शब्द तेवढा गळला आहे. बाकीचा सगळा भार तसाच तिच्या डोक्यावर ठेवला आहे.

रमाबाईंचं स्वतःचं आयुष्य या प्रश्नावर आणखी काही सांगतं. 1870 च्या दशकातल्या उपासमारीत आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा पती गेला, आणि हातात तान्ही मनोरमा राहिली. दुःख हीच देवाची शाळा असती तर त्यांचं शिक्षण चोविसाव्या वर्षीच पुरं व्हायला हवं होतं. पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या आपल्या आत्मिक आयुष्यातलं मोठं वळण कुठे ठेवतात? 1883 च्या बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी, शारदा सदनाच्या काळात, एक पुस्तक आणि बायबल वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. केवढं कठोर शासन आहे हे! जगभर नाव झालेल्या, संस्था चालवणाऱ्या, ख्रिस्ती म्हणून गौरवल्या गेलेल्या बाईला सांगितलं गेलं की तुझ्याकडे मूळ गोष्टच नाही. ते तिने मान्य केलं. आणि ते तिला वाचनातून, वचनातून, कोणी न मरता सांगितलं गेलं.

त्याआधी इंग्लंडात दुसऱ्या प्रकारची शिस्त त्यांनी पाहिली होती. वाँटिजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचं रमाबाईंवर प्रेम होतं यात शंका नाही. पण रमाबाईंनी मतांविषयी प्रश्न विचारले, शाकाहार सोडला नाही, चर्चच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं डोळे मिटून घेतलं नाही, तेव्हा जेराल्डीनबाईंना त्यात गर्व आणि जातीचा अभिमान दिसला, आणि नम्र होण्याचे उपदेश पत्रांतून येऊ लागले. रमाबाईंनी 1885 मध्ये उत्तर दिलं ते या अर्थाचं: मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलंय, आता दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली छापून आला आहे आणि प्रत्येक पाळकाने तो वाचावा. धर्ममातेचं शासन नाकारणारी ही बाई काही वर्षांनी वचनाच्या शासनापुढे पूर्ण वाकली. दोन्ही वेळा ती एकच बाई होती. आज्ञाधारकपणा तिच्यात कमी नव्हता. आवाज कोणाचा आहे हे तिला ओळखता येत होतं.

या बाबतीत आपल्याकडे सगळ्यांत भयंकर जे चालतं ते घरातल्या मारहाणीविषयी. नवरा दारू पिऊन मारतो म्हणून बाई पाळकांकडे येते आणि तिला सांगितलं जातं की हा तुझा क्रूस आहे, यातून देव तुला घडवतोय, परत जा. इब्री लोकांस पत्रात छळ करणाऱ्याला पापीच म्हटलेलं आहे. देवाने त्याच्या हाती छडी दिली असं कुठेही लिहिलेलं नाही. तिथे शासन करायचंच असेल तर ते त्या नवऱ्याला, नाव घेऊन, वडीलजनांच्या बैठकीत करा, आणि त्या बाईला पोलीस ठाण्यात सोबत करा.

चंगाई सभांतले प्रचारक याच्या अगदी उलट बोलतात: देव शासन करतच नाही, आजार राहिला तर विश्वास कमी पडला. त्यांच्यासाठी फार शब्द खर्च करायची गरज नाही. तेही शेवटी आजाऱ्याच्याच खात्यात उधारी दाखवतात. ज्याला ते देवाचं प्रेम म्हणतात त्यात बापाने मुलाला कधी काही बोलायचंच नाही, आणि असा बाप कोणाला हवा असतो?

मग शासन खरोखर कुठे लागू करायचं? ज्या मंडळीला प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू सांगतो की ज्यांच्यावर मी प्रेम करतो त्यांना दोष दाखवून शासन करतो, ती लावदिकीयाची मंडळी धनवान होती. आपल्याला कशाचीही उणीव नाही असं तिला वाटत होतं. त्याच मंडळ्यांच्या रांगेत छळ सोसणारी स्मुर्णाची गरीब मंडळीही होती. तिला एकही दोष दिलेला नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियात पेत्राला तोंडावर अडवतो. पेत्र परजातीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसं आली आणि तो घाबरून त्या पंगतीतून उठला. पौल सगळ्यांदेखत बोलला, कारण ज्यांच्या ताटाशेजारून पेत्र उठला त्यांचा अपमान सगळ्यांदेखत झाला होता. आपल्याकडे सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. विचारणाऱ्यांत सभेचे मानकरी असतात, आणि त्या दिवशी मंडळीत कोणाला इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय आठवत नाही. मिशनच्या काळातल्या जमिनी कवडीमोलाने विकल्या जातात, सभासदांची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळतात, धर्मादाय आयुक्तांकडे अर्जांवर अर्ज पडतात. त्या माणसांच्या घरी संत्री घेऊन कोण जातं? कुठे अवज्ञा झाली का, हे त्यांना मायेने कोण विचारतं?

तिथे विचारलं तर आत्मिक वाढ होईल, विचारणाऱ्याची आणि ज्याला विचारलं त्याचीही. वॉर्डात जायचं असेल तर फोडांनी भरलेल्या तोंडाला चालेल अशी पातळ पेज न्यावी. स्टुलावर बसावं, अलीफजाने पहिले सात दिवस केलं ते करावं. आणि बारावा अध्याय ज्यांना फारच प्रिय आहे त्यांनी तो मंडळीच्या वार्षिक सभेत, हिशेबाचं वाचन सुरू होण्याआधी, उभं राहून मोठ्याने वाचावा. पहिल्या वचनापासून.